तपासणी दोघांची : शुक्राणू कसा घडतो आणि कुठे अडतो



गेल्या वर्षी उन्हाळ्यात वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात आम्ही आरोग्य शिबिर ठेवले होते. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासायचे, एवढाच बेत होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक तरुण ताई सासूबाईंबरोबर आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल. लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल नाही. फाइलमध्ये चार सोनोग्राफी, थायरॉइडच्या तपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे आणि एकदा क्युरेटिंग केल्याचा कागद. सगळे रिपोर्ट चांगले होते. आमच्या डॉक्टर मॅडमनी फाइल मिटली आणि विचारले, "भाऊंची तपासणी कुठे आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "त्याला काय झालंय मॅडम? चांगला धडधाकट आहे. रोज जिमला जातो."

सहा वर्षांत सुनेच्या अंगावर सुया टोचल्या, नळ्या घातल्या, औषधांवर घरातले हजारो रुपये गेले. मुलाची मात्र एकही तपासणी झाली नव्हती. आणि घरात त्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबूज सुरू झाली होती. हे एकाच घराचे नाही. शिबिर संपेपर्यंत आणखी दोन घरांची अशीच गोष्ट आमच्या कानावर आली. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही पुरुषाच्या वंध्यत्वाविषयी लिहीत आहोत. विषय लाजेचा नाही, शरीराचा आहे. हे पान घरातल्या भाऊंनीही वाचावे.

दोष कोणाचा, हा प्रश्नच चुकीचा

एक वर्ष कोणतेही साधन न वापरता नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. कधी कारण फक्त त्याच्यात असते, कधी दोघांत मिळून.

तरीही 'वांझ' हा शब्द आपल्याकडे बाईलाच चिकटतो. पुरुषाची ताकद, दाढीमिशा, संबंध ठेवण्याची क्षमता हे सगळे ठीक असले, की त्याच्यात काही कमी नाही असे घर धरून चालते. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यातला बहुतेक भाग हा प्रोस्टेट आणि तिच्या जवळच्या वीर्यपिशव्यांतून येणारा द्रव असतो. शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा, शंभर भागांत फार तर चार-पाच. वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी ते डोळ्यांना नेहमीसारखेच दिसते. म्हणून ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो.

हे प्रथिन डब्यातली पावडर नव्हे

शुक्राणू घडण्यात प्रथिनांचे काम फार मोठे आहे, असे सांगितले की तरुण मुलांना जिममधली प्रोटीन पावडर आठवते. ते प्रथिन वेगळे. डाळ, अंडी, मासे, शेंगदाणे यांतून आपण जे प्रथिन खातो ते पोटात सुटे होते. त्या सुट्या भागांपासून शरीराची प्रत्येक पेशी आपली स्वतःची हजारो प्रकारची प्रथिने बनवते. त्यांतली काही प्रथिने निरोप्याचे काम करतात. एका पेशीतून निघतात आणि दुसऱ्या पेशीला 'आता वाढ', 'आता थांब', 'आता दोन हो' असे सांगतात.

निरोप पोचायला तीन गोष्टी लागतात. निरोप पाठवणारा, निरोप घेणारा आणि दोघांमधला मोकळा रस्ता. घेणाऱ्या पेशीच्या अंगावर त्या निरोपाचे खास ग्रहण-प्रथिन असते. निरोप त्याच्यावर येऊन बसला की पेशीच्या आत एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि पेशी कामाला लागते. यातला एक दुवा जरी तुटला तरी शुक्राणूचे काम तिथेच अडते.

मेंदूपासून अंडकोषापर्यंत

पहिला निरोप मेंदूतून निघतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. मेंदूकडून इशारा आला की ती एलएच आणि एफएसएच नावाची दोन प्रथिने रक्तात सोडते. एलएच अंडकोषातल्या लायडिग पेशींना सांगते, की टेस्टोस्टेरॉन तयार करा. एफएसएच जाते सर्टोली पेशींकडे. एन्रिको सर्टोली या इटलीतल्या शास्त्रज्ञाने १८६५ साली या पेशींचे पहिल्यांदा वर्णन केले, म्हणून त्यांना हे नाव पडले.

सर्टोली पेशी म्हणजे शुक्राणूची दाई. अंडकोषात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी असते. सगळ्या नळ्या सरळ केल्या तर शेकडो मीटर भरतील. या नळ्यांच्या भिंतीत सर्टोली पेशी उभ्या असतात आणि वाढणारे शुक्राणू त्यांच्या अंगाला बिलगून मोठे होतात. त्यांना खाऊपिऊ घालणे, रक्तातल्या नको त्या गोष्टींपासून आडोसा देणे आणि पुढचा निरोप देणे ही सगळी कामे सर्टोली पेशी करतात.

नळीच्या कडेला मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून पुरुषाला आयुष्यभर शुक्राणू मिळतात. शेतकरी सगळे धान्य दळायला देत नाही, बियाणे राखून ठेवतो. मूळ पेशींचेही तसेच आहे. काही पेशी राखीव ठेवायच्या आणि काही पुढे पाठवायच्या. हा हिशेब सर्टोली पेशींतून येणारे जीडीएनएफ नावाचे प्रथिन सांभाळते. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००० साली उंदरांवर हे दाखवून दिले. ज्या उंदरांत हे प्रथिन कमी होते त्यांच्या मूळ पेशी हळूहळू संपून गेल्या. ज्यांच्यात ते फार जास्त केले त्यांच्यात मूळ पेशींचे ढीग साचले, पण त्या शुक्राणू होईनात. निरोप कमी पडला तरी बिघडते आणि जास्त झाला तरी बिघडते.

पुढे पाठवलेल्या पेशींना वाढायला आणखी एक प्रथिन सांगते. मग अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या एका पदार्थाच्या इशाऱ्यावर त्या अर्ध्या गुणसूत्रांच्या पेशी व्हायच्या तयारीला लागतात. शेवटी पेशी आपले अंग आवरते, शेपूट काढते आणि आतला जनुकांचा धागा घट्ट गुंडाळून ठेवते. या सगळ्याला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. बाहेरच्या नळीतला प्रवास धरला तर साधारण तीन महिने. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शेपूट आले तरी शिक्षण बाकी

अंडकोषातून बाहेर पडलेला शुक्राणू अजून कच्चा असतो. त्याला नीट पोहताही येत नाही. अंडकोषाच्या मागे सहाएक मीटर लांबीची, पण गुंडाळून बोटाएवढ्या जागेत बसलेली एक नळी असते. तिच्यातून जाताना तो पक्का होतो. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी उंदरांत एक महत्त्वाची गोष्ट शोधली. अंडकोषातून नेल-टू नावाचे प्रथिन त्या द्रवाबरोबर वाहत पुढच्या नळीपर्यंत जाते आणि 'शुक्राणू येत आहेत, तयार राहा' असा निरोप तिला देते. हे प्रथिन काढून टाकले तर नळी तयारच होत नाही. शुक्राणू बनतात, पण ते अंड्यापर्यंत पोचू शकत नाहीत आणि नर उंदीर वांझ राहतो.

स्त्रीच्या शरीरात गेल्यावरही निरोप थांबत नाहीत. अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. त्याने शुक्राणूच्या शेपटीवरचे कॅटस्पर नावाचे प्रथिनाचे दार उघडते, कॅल्शियम आत शिरते आणि शेपूट जोरात फटके मारू लागते. काही पुरुषांत हे दारच बिघडलेले असते. त्यांच्यातल्या काहींचा साधा रिपोर्ट ठीक येतो, तरी गर्भ राहत नाही. शेवटची ओळखही प्रथिनांचीच. शुक्राणूवरचे इझुमो हे प्रथिन जपानमध्ये २००५ साली सापडले आणि अंड्यावरचे जुनो हे प्रथिन इंग्लंडमध्ये २०१४ साली. या दोघांची गाठ पडल्याशिवाय शुक्राणू अंड्यात शिरत नाही.

अडले कुठे, त्यावर उपाय ठरतो

एवढे सगळे सांगायचे कारण असे, की 'शुक्राणू कमी' हा एकच आजार नाही. निरोप कुठे अडला हे शोधल्याशिवाय औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

काही पुरुषांत पाठवणाराच गप्प असतो. पिट्युटरीकडून एलएच आणि एफएसएच येतच नाहीत. अशांना तेच काम करणारी इंजेक्शने काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे दिली तर अनेकांमध्ये शुक्राणू तयार होऊ लागतात. पुरुषाच्या वंध्यत्वात औषधाने सर्वांत चांगला गुण येतो तो इथे.

काहींमध्ये घेणारी बाजू बिघडलेली असते. वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा जन्मतःच गळालेला असतो किंवा एक्स गुणसूत्र एक जास्त असते. अशा वेळी पिट्युटरी ओरडून ओरडून निरोप देते, रक्तात एफएसएच वाढलेले दिसते, पण अंडकोषातून उत्तर येत नाही. इथे कितीही ताकदीची पावडर खाल्ली तरी उपयोग नसतो. काहींच्या अंडकोषातून सूक्ष्मदर्शकाखाली शोधून थोडे शुक्राणू काढता येतात आणि एकेक शुक्राणू अंड्यात सोडता येतो. ही पद्धत १९९२ पासून जगात वापरात आहे. वायचा कोणता तुकडा गेला आहे यावर शुक्राणू सापडण्याची आशा ठरते, म्हणून शस्त्रक्रियेआधी ही तपासणी करून घ्यावी. खर्च वाचतो.

काहींचा रस्ता अडलेला असतो. शुक्राणू बनतात, पण जुन्या जंतुसंसर्गाने किंवा जन्मतः नळी बंद असते. काहींच्या अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. एकूण पुरुषांत शंभरातल्या पंधराएक जणांना तो असतो, वंध्यत्वासाठी आलेल्यांत मात्र चाळीसएक जणांना. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, पण डॉक्टरांनी हाताने तपासून पाहायलाच हवे.

जिमचे इंजेक्शन : खोटा निरोप

तरुण भावांनो, हा भाग तुमच्यासाठी. अंग लवकर भरावे म्हणून काही जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची किंवा तशाच स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू समजतो, माल पुरेसा आहे. तो एलएच आणि एफएसएच बंद करतो. मग अंडकोषाच्या आत टेस्टोस्टेरॉन बनत नाही. शुक्राणू घडायला अंडकोषाच्या आत ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागते. दंड फुगतात आणि शुक्राणू आटतात. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याचे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन चक्क पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून अभ्यासले होते, कारण बहुतेकांचे शुक्राणू त्याने शून्यावर किंवा अगदी कमी येतात. अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर ते परत आले. पण मोठे डोस वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना भरून यायला बराच वेळ लागतो, आणि काहींचे पूर्ण भरून येत नाही.

काम, तंबाखू आणि उष्णता

अंडकोष शरीराबाहेर असतात ते उगाच नाही. शुक्राणू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. भट्टीसमोर, बेकरीत, तापलेल्या इंजिनाजवळ तासन्‌तास काम करणाऱ्यांनी मधून मधून उठून गार जागेत जावे, सैल कपडे घालावेत. तंबाखू, खर्रा, गुटखा, विडी आणि दारू यांनी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटू शकतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो आपल्या खिशात येतो कसा, हे आपणच आपल्याला विचारावे.

रसायनांच्या बाबतीत एक खरी घटना सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लेथ्रॉप इथल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचे कीडनाशक बनत असे. तिथल्या कामगारांच्या आपापसांतल्या बोलण्यातून लक्षात आले, की बऱ्याच जणांना मूल होत नाही. १९७७ साली तपासणी झाली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते किंवा फारच कमी होते. पुढे त्या औषधावर बंदी आली. आधी कोणी डॉक्टर बोलला नव्हता, कामगार एकमेकांशी बोलले म्हणून हे उघड झाले. फवारणीचे काम करणाऱ्यांनी हातमोजे आणि तोंडाला फडके लावावे, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत.

आयांसाठी एक सूचना

मुलगा पोटात असताना त्याचे अंडकोष पोटातून खाली पिशवीत उतरतात. त्यासाठीही एका प्रथिनाचा निरोप लागतो. पूर्ण दिवसांच्या मुलांत शंभरातल्या दोन-चार जणांचा एखादा अंडकोष वरच राहतो. बाळाला अंघोळ घालताना दोन्ही गोळ्या हाताला लागतात का ते पाहा. सहा महिन्यांपर्यंत उतरला नाही तर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. एक ते दीड वर्षाच्या आत लहानशी शस्त्रक्रिया झाली तर पुढचे वंध्यत्व आणि कर्करोग या दोन्हींचा धोका कमी होतो.

तपासणी कशी करावी

१. वीर्यतपासणी सर्वांत आधी करा. खासगी लॅबमध्येही ती काही शे रुपयांत होते. बाईच्या नळ्यांच्या तपासणीपेक्षा ती स्वस्त आहे आणि तिच्यात दुखत नाही.

२. आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळा. लॅबने दिलेल्या डबीतच पूर्ण नमुना घ्या. साधा निरोध वापरू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरू शकतात. घरून आणायचा असेल तर डबी अंगाजवळ धरून तासाभरात पोचवा. थोडे सांडले असेल तर ते लॅबला सांगा.

३. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी आहे : वीर्य १.४ मिलि, दर मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, नीट घडणीचे ४ टक्के. यापेक्षा कमी आले म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे.

४. एका रिपोर्टवर निकाल लावू नका. ताप येऊन गेला तरी आकडा पडतो. आज दिसणारा शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेला असतो. म्हणून तंबाखू सोडल्याचा किंवा औषधाचा गुणही तीन महिन्यांनीच कळतो.

५. रिपोर्ट कमी आला तर शारीरिक तपासणी आणि एफएसएच, टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात यांची सोय असते. टेस्ट ट्यूब केंद्रात जायची वेळ आली तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी झाली आहे का ते आधी विचारा.

गंडा-दोरा आणि नवस आपण सोडले असे आपण म्हणतो. पण मूल होत नाही म्हटल्यावर कोणीतरी चुलती गुपचूप बाबाचा पत्ता देते आणि एखादा तंबूवाला वैद्य शक्तीची पुडी विकतो. त्या पुडीत काय आहे ते तिच्यावर लिहिलेले नसते. जे तपासता येते ते आधी तपासू या.

त्या घरात पुढे काय झाले

ताईचा नवरा पुढच्या रविवारी आला. सुरक्षारक्षकाची नोकरी, उंच, भरलेला. आमच्याशी एकटाच बोलला. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले. रक्तात एलएच आणि एफएसएच जवळजवळ नव्हते. डॉक्टर मॅडमनी जिमविषयी विचारल्यावर बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितले, की चार वर्षांपासून तो इंजेक्शने घेत होता. मॅडमच्या देखरेखीखाली त्याने ती बंद केली. मधले काही महिने थकवा आणि उदासी आली. त्या काळात ताईने त्याला सांभाळले. सात महिन्यांनी रिपोर्टमध्ये शुक्राणू दिसले, संख्येने कमी, पण होते. उपचार अजून चालू आहेत. मूल होईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र झाली. पहिला रिपोर्ट त्याने स्वतः आईच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "आई, तिचं काही चुकलं नव्हतं." दुसऱ्या लग्नाची बोलणी त्या दिवशी बंद झाली. पहिली पत्नी असताना दुसरे लग्न करणे १९५५ च्या विवाह कायद्याने आपल्यालाही गुन्हा आहे, हे त्या मावशींना आम्ही नंतर सांगितले. पण त्याची गरज उरली नव्हती.

आपल्या घरात, शेजारी, नात्यात असे जोडपे असेल तर एवढेच विचारा : दोघांची तपासणी झाली का? झाली नसेल तर आधी भाऊंना लॅबमध्ये पाठवा. संकोच वाटत असेल तर आमच्या रविवारच्या शिबिरात या. नाव कुठेही जाणार नाही.